ब्लूटो ऊर्फ ब्रूटस : किंग फीचर्स सिंडिकेटला खुले पत्र

प्रति,
व्यवस्थापक,
किंग फीचर्स सिंडिकेट,
न्यूयॉर्क.

विषय : आपल्या दप्तरी असलेल्या दाढीवाल्या इसमाच्या नावातील तफावत दूर करण्याबाबत.

महोदय,

मी तालुक्याच्या गावी तहसील कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं लिहून देतो. एकवीस वर्षं झाली. पूर्वी टाइपरायटर होता, आता लॅपटॉप आणि प्रिंटर आहे, छत्री तीच. माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांचं दुखणं एकच असतं, ते म्हणजे नाव. आधारवर ज्ञानेश्वर, सातबाऱ्यावर ज्ञानोबा, शाळेच्या दाखल्यावर ज्ञानदेव. माणूस समोर उभा आहे, घाम पुसतोय, पण कागद सांगतात की हे तिघे आहेत. मग मी टाइप करतो, ‘वरील तिन्ही नावे एकाच व्यक्तीची असून ती व्यक्ती मीच आहे.’ तो सही करतो, नोटरीचा शिक्का बसतो आणि तिघांचा पुन्हा एक होतो.

मध्यंतरी एक आजी आल्या होत्या. माहेरचं नाव शेवंता. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळांत अंगठीनं लक्ष्मी लिहिलं आणि त्या दिवसापासून लक्ष्मी. आता साठ वर्षांनी माहेरच्या जमिनीच्या हिश्शाचे पैसे आले, ते शेवंताच्या नावानं. बँकेच्या खिडकीवर विचारलं, ‘शेवंता कोण?’ आजी मला सांगत होत्या, ‘मी म्हटलं, होती एक.’ मी टाइप करायचा थांबलो. त्या मात्र पदरानं चष्मा पुसत बसल्या होत्या, हसत होत्या.

संध्याकाळी छत्री मिटताना मला तुमचा माणूस आठवला, तुम्ही वर्तमानपत्रांना पुरवता त्या पोपायच्या चित्रपट्टीतला ब्लूटो ऊर्फ ब्रूटस. हसू नका. काळी दाढी, दाराएवढी छाती, पोपायच्या मैत्रिणीला, ऑलिव्हला, खांद्यावर टाकून पळणारा आणि शेवटी पालक खाऊन ताकद आलेल्या खलाशी पोपायच्या हातचा मार खाऊन क्षितिजापलीकडे फेकला जाणारा. त्याच्या कागदपत्रांत शेवंतापेक्षा मोठा घोळ आहे आणि तो निस्तरणं फक्त तुमच्या हातात आहे.

आमच्यापुरतं हे प्रकरण सुरू झालं मामाच्या घरी. १९९५मध्ये भारतात कार्टून नेटवर्क आलं. आमच्याकडे केबल नव्हती, मामाकडे होती, म्हणून सुट्टीत मुक्काम तिथेच. मी त्याला ब्लूटो म्हणायचो, कारण टीव्हीवर तसंच ऐकलं होतं. मावसभाऊ म्हणायचा ब्रूटस, कारण त्याच्याकडे कुणी आणून दिलेल्या कॅसेटमध्ये तो ब्रूटसच होता. दोन दिवस भांडलो. त्याच्या मते माझ्या कानात मळ, माझ्या मते त्याची कॅसेट नकली. शेवटी आजोबांनी निकाल दिला, ‘रावणाला दशानन म्हणतात, लंकेश म्हणतात. गप जेवा.’ जेवलो. पण समाधान झालं नाही, कारण रावणाची नावं रावणाला आणखी मोठं करतात. तुमच्या माणसाचं एक नाव दुसऱ्याला खोडत होतं.

पुढे सवडीनं सगळं वाचत गेलो आणि धंद्याच्या सवयीनं फेरफार तारखेवार लावले.

मूळ नोंद अशी. इलिनॉयमधल्या चेस्टर गावचे ई. सी. सीगर यांनी १९१९मध्ये तुमच्यासाठी ‘थिंबल थिएटर’ ही चित्रपट्टी सुरू केली. पोपाय त्यात नव्हताच. तो आला दहा वर्षांनी, १७ जानेवारी १९२९ला, गोष्टीपुरता भाड्यानं घेतलेला खलाशी म्हणून, आणि हळूहळू सगळी पट्टीच गिळून बसला. १९३२मध्ये एका समुद्रसफरीच्या गोष्टीत ब्लूटो नावाचा एक दांडगा समुद्री चाचा भेटला. गोष्ट संपली, ब्लूटोही संपला. पट्टीतली पोपायची खरी वैरीण म्हणजे सी हॅग, समुद्रावरची चेटकीण. ब्लूटो हा आपला एका सफरीचा पाहुणा.

पण त्याच सुमारास मॅक्स फ्लायशर यांचा स्टुडिओ पोपायला पडद्यावर आणायच्या तयारीला लागला होता. सहा-सात मिनिटांच्या कार्टूनला रोज नवा खलनायक परवडत नाही. एक कायमचा हवा, दिसला की पोरांनी ओळखावा असा. पट्टीत नुकताच येऊन गेलेला हा दांडगट त्यांनी उचलला. जुलै १९३३च्या पहिल्याच कार्टूनपासून तो उभा राहिला. तेव्हा, महोदय, जन्म तुमच्या घरचा, सांभाळ फ्लायशरचा आणि चित्रपटगृहांत पोचवणारी पॅरामाउंट. ही तीन नावं ध्यानात ठेवा, पुढचा सगळा गोंधळ यांतूनच झाला.

फ्लायशरकडे त्यानं नाव काढलं. १९३६च्या रंगीत कार्टूनमध्ये तो सिंदबाद झाला, पुढच्या वर्षी अबू हसन. तिथे त्याला ब्लूटो म्हणत नाहीत, तरी कुणाची फसगत झाली नाही. निळूभाऊ फुल्यांनी कधी पाटील केला, कधी सरपंच केला, कधी साखरसम्राट. थिएटरात बायका कडाकडा बोटं मोडायच्या त्या निळू फुल्यांच्याच नावानं. भूमिकेनं माणूस बदलत नाही.

आणि हा नुसतं मार खाणारं पोतं नव्हता. १९३७चं एक कार्टून आहे. ऑलिव्ह नर्स झाली आहे. तिच्या हातची शुश्रूषा मिळावी म्हणून पोपाय आणि ब्लूटो दोघेही इस्पितळात दाखल होण्यासाठी स्वतःला इजा करून घ्यायला निघतात. काही जमत नाही. शेवटी पोपाय पालकाचा डबा काढतो आणि, माझ्या दृष्टीनं सगळ्या मालिकेतली ही सर्वांत हुशार जागा, तो पालक ब्लूटोच्या तोंडात कोंबतो. ब्लूटो त्याला मनसोक्त बडवतो आणि पोपाय पट्ट्यांत गुंडाळलेला, खूश, खाटेवर. १९४०च्या आणखी एकात ब्लूटो मोहिमेवर आफ्रिकेला जातो, त्याचा पत्ता लागत नाही, आणि पोपाय कासावीस होऊन त्याला शोधत जातो. वैऱ्यासाठी. पोचतो तेव्हा अंगात त्राण उरलेलं नसतं, पालक खाऊन हुशारी येते आणि दोघे पुन्हा आनंदानं एकमेकांना बदडायला लागतात. अशी जोडी जमायला नशीब लागतं.

पुढचे फेरफार भराभर सांगतो. १९४२मध्ये पॅरामाउंटनं फ्लायशरचा स्टुडिओ ताब्यात घेतला, नाव फेमस स्टुडिओज ठेवलं आणि १९५७पर्यंत पोपायची कार्टूनं काढली. दरम्यान १९५६मध्ये जुनी कार्टूनं टीव्हीसाठी विकून टाकली. ती टीव्हीवर तुफान चालली. तुमच्या लक्षात आलं की पात्र आपलं, पण टीव्हीवर जी कार्टूनं चालताहेत ती आपली नाहीत. आमच्याकडे सातबाऱ्यावर मालक एक आणि प्रत्यक्ष पीक घेणारा दुसरा असला की जे होतं, तेच झालं. तुम्ही ठरवलं, आपलं पीक आपण घ्यायचं. १९६० ते १९६२मध्ये चार-पाच स्टुडिओंना कामं वाटून २२० कार्टूनं काढलीत. दोन वर्षांत २२०! घाई किती असेल ते कार्टूनं बघतानाच कळतं. पार्श्वभूमी रंगवायलाही उसंत नव्हती.

आणि इथे ती चूक झाली. तुमच्याकडच्या मंडळींची समजूत झाली की ब्लूटो हे नाव पॅरामाउंटचं आहे. ते वापरलं तर खटला होईल. म्हणून त्याचं नाव ठेवलं ब्रूटस.

महोदय, १९३२ची पट्टी तुमचीच होती. त्यात छापलेलं नाव तुमचंच होतं. कपाट उघडायचं, गठ्ठा काढायचा, धूळ झटकायची, एवढंच काम. आमच्या तहसीलचा जुना रेकॉर्ड कीपर, सेवानिवृत्त झालेला, म्हणायचा की अर्धे दावे कोर्टात जातात कारण कुणाला शिडीवर चढायचं नसतं. तुमच्याकडेही शिडीवर कुणी चढलं नाही आणि एका माणसाचं नाव गेलं. स्वतःच्या जमिनीला दुसऱ्याची समजून वळसा घालून जाणारा शेतकरी मी अजून पाहिलेला नाही. तुम्ही पहिले.

नाव तरी काय निवडलंत! इंग्रजीत ब्रूट म्हणजे रानटी, तेवढ्यापुरतं जुळतं हे मला कळतं. पण ब्रूटस म्हटल्यावर जगाला सीझर आठवतो. आमच्याकडे ज्यानं शेक्सपिअर उघडूनही पाहिला नाही, तोसुद्धा भावानं परस्पर जमीन विकली की कपाळाला हात लावून ‘यू टू, ब्रूटस’ म्हणतो. घरभेद्याचं नाव आहे ते. आणि तुमचा माणूस? लबाड्या त्यानं हजार केल्या, वेषांतरं केली, घड्याळाचे काटे फिरवले, सगळं मान्य. पण सिनेटमध्ये घोळका करून सुरा चालवणाऱ्यांतला तो नव्हे. तो आधी गडगडाटी हसतो, अख्ख्या बंदराला ऐकू जाईल असा, मग बाह्या सरसावतो, मग मारतो. त्याला चोरून काही करताच येत नाही, तोच तर त्याचा प्रॉब्लेम.

नावाबरोबर अंगही बदललंत. ब्लूटोची ताकद छातीत होती. ब्रूटसच्या छातीचं पोट झालं. अंगावर ताणलेला निळा शर्ट. पूर्वी तो भिंतीसारखा अंगावर यायचा, आता पिंपासारखा गडगडत येऊ लागला.

तुमचे वकील म्हणतील, म्हणूनच तर! नाव वेगळं, शरीर वेगळं, म्हणजे माणूस वेगळा. हा मुद्दा मी उडवून लावत नाही. माझ्याकडेही असे येतात की पंधरा वर्षांपूर्वीचा फोटो आणि आजचा चेहरा यांत काही म्हणजे काही साम्य नसतं. अशा वेळी आम्ही अंगठा घेतो. माणूस सुटतो, वाळतो, दाढी ठेवतो, काढतो. अंगठा तोच राहतो.

ब्लूटोचा अंगठा म्हणजे त्याचा आवाज. १९४४पासून पॅरामाउंटच्या कार्टूनमध्ये ब्लूटोचा आवाज जॅक्सन बेक यांचा होता. १९६०च्या तुमच्या कार्टूनमध्ये ब्रूटसचा आवाज कुणाचा? जॅक्सन बेक यांचाच. तुम्हीच त्यांना बोलावलंत. पोपायला जॅक मर्सर, ऑलिव्हला मे क्वेस्टेल, सगळी जुनीच मंडळी. म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या खोलीत तोच माणूस, त्याच माईकसमोर, तोच घोगरा आवाज काढून गुरगुरतोय आणि तुमच्या कागदावर मात्र कुणी दुसराच आहे. याला आमच्या कचेरीत ‘अंगठा जुळतो, नाव जुळत नाही’ म्हणतात आणि अशा वेळी नाव दुरुस्त करतात, अंगठा नाही.

त्यानंतर त्याची जी ओढाताण झाली ती वाचून मला वाईट वाटलं. छापील चित्रपट्टीत सीगर यांचे एकेकाळचे मदतनीस बड सॅगेनडॉर्फ यांच्या काळात तो ब्रूटसच राहिला. १९७८मध्ये हॅना-बार्बेरानं नवी मालिका काढली, त्यात पुन्हा ब्लूटो. १९८०मध्ये रॉबर्ट ऑल्टमन यांचा सिनेमा आला, रॉबिन विल्यम्स पोपाय आणि पॉल स्मिथ ब्लूटो. वाटलं, मिटलं. तर १९८२मध्ये निन्टेन्डोचा पोपायचा व्हिडिओ गेम आला आणि त्यात परत ब्रूटस! एका घरात एक नाव, शेजारी दुसरं. रेशनकार्डावर एक आणि मतदारयादीत दुसरं, तसं.

निन्टेन्डोवरून आठवलं, त्याच्या आदल्या वर्षी तर त्याचं माणूसपणच गेलं. निन्टेन्डोच्या शिगेरू मियामोतो यांना पोपाय, ऑलिव्ह आणि ब्लूटोला घेऊन गेम करायचा होता. तेव्हा परवानगी जमली नाही. मग त्यांनी खलाशाच्या जागी एक सुतार घेतला, ऑलिव्हच्या जागी दुसरी बाई आणि ब्लूटोच्या जागी गोरिला. तोच १९८१चा ‘डाँकी काँग’. तो सुतार पुढे मारिओ म्हणून जगभर गाजला. गोरिलाही गाजला. ज्याच्या जागेवर तो बसला त्याला मात्र स्वतःच्या गेममध्ये शिरायला उसनं नाव घ्यावं लागलं. हे वाचून मी मावसभावाला फोन केला होता. तो म्हणाला, ‘म्हणजे माझी कॅसेट खरी होती ना?’ तीस वर्षं तेवढंच धरून बसला होता.

इथवर मी तक्रार केलीही नसती. चुका होतात. आमच्याकडे एका जिवंत माणसाला कागदोपत्री मयत दाखवून झालेलं आहे, तो स्वतः येऊन ओरडत होता. पण चूक लक्षात आल्यावर ती दुरुस्त करायची असते. तुम्ही काय केलंत? पुढच्या चित्रपट्टीत दाखवलंत की ब्लूटो आणि ब्रूटस हे जुळे भाऊ आहेत.

जुळे भाऊ! अहो, हा तर आमच्या जुन्या हिंदी सिनेमांचा तोडगा. गोष्ट अडली की काढ जुळा. कारकुनाच्या चुकीतून एक भाऊ जन्माला घातलात. त्याला आईबाप दिलेत, घर दिलंत आणि चूक जिरवलीत. दशानन आणि लंकेश हे रावणाचे भाऊ होते असं आजोबांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी ताटावरून उठवलं असतं. माझ्याकडे कुणी असा अर्ज घेऊन आलं की साहेब, ज्ञानेश्वर आणि ज्ञानोबा जुळे दाखवा म्हणजे दोन हिस्से पडतील, तर मी त्याला हात जोडून पोलीस ठाण्याचा रस्ता दाखवतो.

काही चाहत्यांना ही युक्ती आवडते हे मला माहीत आहे. ज्यांचं बालपण ब्रूटसबरोबर गेलं त्यांना तो खोटा ठरलेला नकोय, आणि ते रास्त आहे. पण ब्रूटस खोटा ठरवा असं मी म्हणतच नाही. शेवंता खरी आणि लक्ष्मीही खरी. दोघींच्या नावानं लोकांनी हाक मारली, दोन्ही हाकांना ती वळली. खोटी आहे ती फक्त ‘दोन बायका आहेत’ ही नोंद.

आणि नावाची कळ तुम्हाला कळू नये याचं मला नवल वाटतं. तुमच्या संस्थेची स्थापना १९१५मध्ये मोझेस कोनिग्सबर्ग यांनी केली. त्यांच्या आडनावातल्या कोनिगचा जर्मन अर्थ राजा, म्हणून तुमच्या पाटीवर किंग. म्हणजे तुमचं स्वतःचं नाव हेच एका माणसाचं तोडलेलं, भाषांतर केलेलं आडनाव आहे. तुमच्याच वेताळाला ‘इंद्रजाल कॉमिक्स’नं आमच्याकडे आणलं तेव्हा फँटमचा वेताळ झाला आणि आम्ही त्याला इतकं आपलं मानलं की तो परदेशी आहे हे पोरांना पटेना. तिथे कुणी म्हणालं नाही की फँटम आणि वेताळ चुलतभाऊ आहेत. नाव बदललं, माणूस राहिला, सगळ्यांना माहीत होतं.

पोपायचं एक पालुपद आहे, मी जो आहे तो आहे. छाती काढून म्हणतो. नायकाला तेवढी मुभा असतेच. त्याच्या समोर उभं राहून जो दर आठवड्याला मार खातो, त्यालाही एकदा तसं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण म्हणणार काय, कुठल्या नावानं?

घाई करण्याचं आणखी एक कारण आहे. तुमच्या देशाच्या कायद्यानं १९२९चा पोपाय १ जानेवारी २०२५ला सार्वजनिक झाला. त्याबरोबर त्याच्यावर भयपट निघाले, खलाशी कुऱ्हाड घेऊन माणसं कापतोय वगैरे. चालायचंच. त्याच हिशोबानं १९३२चा ब्लूटो १ जानेवारी २०२८ला मोकळा होईल. १९६०चं ब्रूटस हे नाव आणि ते पोट मात्र त्यापुढेही कितीतरी वर्षं तुमच्या कुलुपात राहील. म्हणजे पुन्हा एका माणसाचे दोन होणार, या वेळी कायद्यानं: अर्धा रस्त्यावर, अर्धा तिजोरीत. कुणीही येईल आणि अर्ध्याला हवं ते करायला लावेल. त्याआधी तुमच्या हातानं एक कागद झाला पाहिजे.

तो मीच करून पाठवतो आहे. फी नको. मसुदा असा:

‘मी खाली सही करणार, सध्या राहणार रविवारची चित्रपट्टी, धंदा खलाशी व इतर, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, माझे मूळ नाव ब्लूटो असे असून ते सन १९३२मध्ये छापून आलेले आहे. सन १९६०पासून काही ठिकाणी माझे नाव ब्रूटस असे लागले आहे. नामबदल माझ्या मागणीवरून झालेला नसून मालकांच्या समजुतीतील चुकीमुळे झालेला आहे. ब्लूटो व ब्रूटस ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असून ती व्यक्ती मीच आहे. मला जुळा भाऊ नाही. सिंदबाद व अबू हसन या माझ्या भूमिका होत. गोरिलाशी माझा काही संबंध असल्यास तो मला माहीत नाही. वरील मजकूर खरा व बरोबर आहे.’

खाली ‘मी यास ओळखतो’ अशी एक ओळ असते, तिथे ओळख पटवणाऱ्याची सही लागते. नातेवाईक शक्यतो नको, रोजचा संबंध असलेला माणूस हवा. तिथे पोपायची घ्या. चेस्टर गावात दोघांचेही पुतळे उभे आहेत, तेव्हा शोधायला लांब जावं लागणार नाही. फक्त सही करताना पाइप बाजूला ठेवायला सांगा. राखेचा डाग पडला की आमच्या इथले साहेब कागद परत पाठवतात.

कळावे,

आपला,
एक अर्जनवीस,
तहसील कचेरीसमोर, चिंचेखाली